बॅट मास्टरसन आणि पावणेपाच इंचांची नळी



अमेरिकेत आल्यावर आपण इथला इतिहास शिकतो तो बहुतेक मुलांच्या गृहपाठातून. वॉशिंग्टन, जेफरसन, लिंकन ही मंडळी त्यामुळे आपल्या चांगल्या ओळखीची होतात. पण उन्हाळ्याच्या सुट्टीत गाडी काढून पश्चिमेकडे निघालो की कॅन्सस, कोलोरॅडो, ॲरिझोना या भागात वेगळीच नावे भेटू लागतात. वायट अर्प, डॉक हॉलिडे, बॅट मास्टरसन. त्यांची चित्रे असलेले पेले आणि टोप्या दुकानादुकानांत टांगलेल्या असतात. मुले खेळण्यातले पिस्तूल मागतात, आणि ही माणसे कोण होती, चांगली की वाईट, असे विचारतात. तिथे आपली गाडी अडते. म्हणून या वेळी त्यांच्यापैकी एकाची, बॅट मास्टरसनची, ओळख करून द्यावी असे आम्ही ठरवले.

बॅटच का, असे कोणी विचारील. त्याचे कारण एक पत्र आहे. २४ जुलै १८८५ रोजी त्याने कोल्ट कंपनीला एक पिस्तूल बनवून पाठवण्याविषयी लिहिले आणि ते कसे हवे हे नीट कळवले. त्यात नळी किती लांब असावी हेही सांगितले. दंतकथेतल्या बॅटला लोकांनी फूटभर लांब नळीचे पिस्तूल देऊन टाकले आहे. खऱ्या बॅटने मात्र आखूड नळी मागितली होती. या दोन पिस्तुलांमधले अंतर समजले की दंतकथा आणि माणूस यांच्यातले अंतरही समजते.

क्यूबेक ते कॅन्सस

बॅटचा जन्म नोव्हेंबर १८५३ मध्ये कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात, हेन्रीव्हिल या गावाजवळ झाला. घराणे मूळचे आयरिश. बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवलेले नाव बार्थोलोम्यू. बॅट हे त्याचेच लाडके रूप असावे. पुढे त्याने स्वतःच आपले नाव विल्यम बार्कले मास्टरसन असे करून घेतले. म्हणजे देश बदलला तसे नावही बदलले! आपल्यापैकी ज्यांच्या नावाचे ऑफिसात तुकडे झाले आहेत त्यांना हे काही नवीन वाटणार नाही.

वडील शेतकरी. चांगल्या जमिनीच्या शोधात हे कुटुंब आधी न्यू यॉर्क राज्यात, मग इलिनॉयमध्ये आणि शेवटी १८७१ च्या सुमारास कॅन्ससमध्ये विचिटाजवळ येऊन राहिले. भावंडे बरीच. थोरला एड, त्याच्या पाठचा बॅट आणि मग जिम, या तिघांचे विशेष सख्य होते.

शेतीत जीव रमेना म्हणून एड आणि बॅट घराबाहेर पडले. १८७२ मध्ये सांता फे रेल्वेचा मार्ग पश्चिमेकडे सरकत होता. डॉज सिटीच्या अलीकडच्या एका तुकड्याची जमीन सपाट करण्याचे पोटकंत्राट या भावांनी घेतले. काम झाले, पण मूळ कंत्राटदार त्यांचे ३०० डॉलर बुडवून पसार झाला. पुढच्या वसंतात तोच माणूस डॉज सिटीवरून जाणाऱ्या गाडीत आहे अशी खबर लागली. एकोणीस वर्षांचा बॅट डब्यात शिरला आणि पिस्तुलाच्या धाकावर त्याने सगळे पैसे वसूल केले. गोळी झाडावी लागली नाही. गावात मात्र त्याचे नाव झाले.

लांब नळीचे दिवस

त्या काळात डॉज सिटीच्या आसपास पैसा होता तो बायसनच्या, म्हणजे इथल्या रानगव्यांच्या, कातड्यात. बॅटही त्या धंद्यात शिरला. या शिकारीला लांब आणि जड नळीची शार्प्स रायफल वापरत. कळपाला सुगावा लागू नये म्हणून दूर बसून नेम धरायचा, त्यामुळे लांब नळी हवीच. काही वर्षांतच या शिकाऱ्यांनी दक्षिणेकडचे कळप संपवत आणले. त्याच जनावरांवर कोमँची, शायेन, कायोवा या मूळ रहिवासी जमातींचे सारे जीवन अवलंबून होते, ही गोष्ट मुलांना सांगताना आपण विसरू नये.

त्याचा भडका २७ जून १८७४ रोजी उडाला. टेक्ससच्या उत्तर भागात ॲडोबी वॉल्स नावाच्या शिकाऱ्यांच्या ठाण्यावर शेकडो योद्ध्यांनी पहाटे हल्ला केला. कोमँची नेता क्वाना पार्कर त्यांच्यात होता. आत जेमतेम तीसएक माणसे, आणि विशीतला बॅट त्यांतल्या सर्वात तरुणांपैकी एक. पहिल्या धडकीत अगदी दाराशी झुंज झाली. पुढे मात्र शार्प्स रायफलींच्या लांब पल्ल्यामुळे हल्लेखोर मागे हटले. बिली डिक्सन नावाच्या शिकाऱ्याने जवळजवळ दीड हजार यार्डांवरून एका योद्ध्याला टिपले असे सांगतात. लांब नळीने काय साधते हे बॅटने तिथे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. त्यानंतर काही काळ तो सैन्यासाठी वाटाड्या म्हणून राहिला.

हातभर अंतरावरच्या लढाया

पण माणसांच्या वस्तीतली भांडणे दीड हजार यार्डांवरून होत नाहीत. जानेवारी १८७६ मध्ये टेक्ससमधल्या स्वीटवॉटर या वस्तीत (पुढे तिचे नाव मोबीटी झाले) एका रात्री किंग नावाचा सैनिक बॅटवर चालून आला. बंद खोलीत गोळ्या झाडल्या गेल्या. मॉली ब्रेनन नावाची तरुणी त्यात मारली गेली, किंगही मेला आणि बॅटच्या ओटीपोटाजवळ गोळी लागली. तो वाचला हे नशीब.

बरा झाल्यावर तो डॉज सिटीला परतला. टेक्ससहून गुरांचे प्रचंड तांडे आता या गावच्या रेल्वे स्टेशनावर येत. महिनोन्‌महिने उन्हातान्हात गुरे हाकलेले काउबॉय खिशात पगार घेऊन गावात शिरत आणि दारूचे गुत्ते ओसंडून वाहत. रेल्वे रुळांच्या उत्तरेकडे हत्यार बाळगायला बंदी होती, आणि ती बंदी पाळून घेणे हेच गावच्या पोलिसांचे मुख्य काम होते. नोव्हेंबर १८७७ मध्ये बॅट फोर्ड काउंटीच्या शेरीफपदाची निवडणूक अवघ्या तीन मतांनी जिंकला. त्याच सुमारास थोरला भाऊ एड डॉज सिटीचा मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, झाला. दोन भाऊ, एक काउंटीचा आणि एक गावाचा रखवालदार.

एड स्वभावाने गोड. समजुतीने काम होत असेल तर हत्यार काढायचे नाही ही त्याची रीत. ९ एप्रिल १८७८ च्या रात्री वॅग्नर नावाच्या झिंगलेल्या काउबॉयकडून त्याने पिस्तूल काढून घेतले आणि त्याच्याच मुकादमाच्या, वॉकरच्या, हाती दिले. थोड्याच वेळात बाहेर पाहतो तर पिस्तूल पुन्हा वॅग्नरकडे! ते हिसकावताना दोघांची झटापट झाली आणि गोळी सुटली. नळीचे तोंड एडच्या अंगाला इतके टेकलेले होते की त्याच्या कपड्यांनी पेट घेतला. तशा अवस्थेत तो रूळ ओलांडून पलीकडच्या गुत्त्यापर्यंत चालत गेला आणि तिथे कोसळला. अर्ध्या तासात सारे संपले. वय अवघे २५.

वॅग्नर दुसऱ्या दिवशी मेला, वॉकर जबर जखमी झाला. त्यांच्यावर गोळ्या कोणी झाडल्या हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांतून स्पष्ट होत नाही. पण अनेक वर्षांनी बॅटने शपथेवर सांगितले की त्या आपणच झाडल्या.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डोरा हँड या लोकप्रिय गायिकेचा झोपेत खून झाला. गोळी खरे तर गावच्या मेयरसाठी होती आणि संशय टेक्ससच्या एका श्रीमंत गुरेमालकाच्या मुलावर, केनेडीवर, होता. बॅटने वायट अर्प, बिल टिल्घमन, चार्ली बॅसेट यांना बरोबर घेऊन माळरानावर त्याला गाठले. तो घोडा पिटाळू लागला तेव्हा बॅटने रायफलीने त्याचा दंड फोडला आणि त्याला जिवंत पकडले. मोकळ्या रानात रायफल, गावात पिस्तूल, असा हा सरळ हिशेब होता.

साडेसात, साडेपाच की पावणेपाच?

आता थोडे त्या पिस्तुलाविषयी. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डला जाणाऱ्या-येणाऱ्यांनी हायवेवरून सोनेरी चांदण्यांचा निळा कांद्यासारखा घुमट पाहिला असेल. तो कोल्ट कंपनीच्या जुन्या कारखान्याचा. संस्थापक सॅम्युएल कोल्ट १८६२ मध्येच वारला. त्याच्या मागे १८७३ मध्ये कंपनीने जे सहा गोळ्यांचे रिव्हॉल्व्हर काढले तेच हे सिंगल ॲक्शन आर्मी. सिंगल ॲक्शन म्हणजे काय, तर प्रत्येक गोळीच्या आधी मागचा घोडा अंगठ्याने ओढायचा. तो ओढला की गोळ्यांचे चक्र एक घर पुढे सरकते, आणि चाप दाबला की घोडा पडून गोळी सुटते. चाप नुसता दाबत राहून काहीही होत नाही.

नळ्या मुख्यतः तीन लांबींच्या मिळत. साडेसात इंच, साडेपाच इंच आणि पावणेपाच इंच. (आपल्या सेंटिमीटरमध्ये १९, १४ आणि १२.) साडेसाती नको म्हणून कोणी आखूड नळी घेत नसे, प्रत्येक लांबीचे आपापले काम होते.

साडेसात इंची नळी सैन्याच्या घोडदळासाठी होती. नळी लांब असली की मागची खाच आणि टोकावरची माशी यांत अंतर जास्त राहते, त्यामुळे नेमातली बारीकशी चूकही डोळ्याला दिसते. त्या वेळच्या काळ्या दारूला पूर्ण जोर लावायलाही लांब नळीत जास्त वाव मिळतो, म्हणून गोळी थोडी अधिक वेगाने जाते. घोड्यावर बसलेल्याच्या कमरेला ती लांबी फारशी अडचणीची नसते. पण तोच माणूस खुर्चीत बसला की नळी मांडीला टोचते, कोटाखाली लपत नाही, आणि उपसताना हात जास्त वर न्यावा लागतो. वजनाचा फरक मात्र थोडाच. लांब काय, आखूड काय, पिस्तूल किलोच्या आसपासच भरायचे.

पावणेपाचच का, चार का नाही, याचेही कारण आहे. गोळ्या झाडून झाल्या की रिकाम्या पुंगळ्या चक्रातून एकेक करून बाहेर ढकलाव्या लागतात. त्यासाठी नळीच्या बाजूने एक दांडी बसवलेली असते. तिचे घर साधारण पावणेपाच इंच नळीच्या टोकाशी येऊन संपते. नळी त्याहून आखूड केली तर ती पूर्ण दांडी पुढे डोकावते. कोल्टने त्याहूनही आखूड पिस्तुले बनवली, पण त्यांत ही दांडीच नसे आणि पुंगळ्या काढताना खोळंबा होई. म्हणजे सगळी सोय शाबूत ठेवून जितके आखूड करता येईल तितके करायचे, तर उत्तर पावणेपाच इंच हेच येते.

१८८५ चे पत्र

शेरीफपदाची पुढची निवडणूक बॅट १८७९ मध्ये हरला आणि जुगाराचे टेबल, हीच त्या काळी बऱ्याच मंडळींची रोजी-रोटी असल्याने, तिकडे वळला. लेडव्हिल, टूमस्टोन अशी भटकंती सुरू झाली. एप्रिल १८८१ मध्ये धाकटा भाऊ जिम संकटात आहे अशी तार आल्याने तो टूमस्टोनहून तडक डॉज सिटीला आला आणि गाडीतून उतरल्या उतरल्या त्याची जिमच्या विरोधकांशी चकमक झाली. एक जण छातीत गोळी लागून जखमी झाला, पण वाचला. बॅटला ८ डॉलर दंड झाला. माणसावर गोळी झाडण्याची ती त्याची शेवटची वेळ, असे मानले जाते. वय होते २७.

त्यानंतर कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाड गावी तो वर्षभर मार्शल होता. डॉज सिटीला येणे-जाणे चालूच होते. ४ जुलै १८८५ च्या समारंभात गावातला सर्वात लोकप्रिय माणूस म्हणून त्याला सोन्याच्या मुठीची काठी भेट मिळाली. तीनच आठवड्यांनी, ऑपेरा हाउस सलून या गुत्त्याच्या छापील कागदावर, त्याने कोल्टला ते पत्र लिहिले.

काय मागितले त्याने? ४५ कॅलिबरचे आखूड पिस्तूल, त्यावर निकेलचा मुलामा. चाप हलका चालणारा. मूठ गटापर्चाची, म्हणजे कडक रबरासारख्या पदार्थाची. माशी नेहमीपेक्षा थोडी उंच आणि जाड. आणि नळी साधारण त्या पुंगळ्या ढकलणाऱ्या दांडीइतकीच लांब. म्हणजे इंचांचा आकडा न घालता त्याने पावणेपाचच सांगितले!

या मागणीत शोभेचे फार थोडे आहे. निकेलमुळे घामाने आणि काळ्या दारूच्या काजळीने लोखंड लवकर गंजत नाही. हलका चाप असला की दाबताना नळी हिसका खात नाही. माशीचे म्हणणे तर फार विचारी आहे. आखूड नळीवर नेम धरणे अवघड जाते, ती उणीव जाड माशीने काही प्रमाणात भरून निघते, कारण मंद उजेडातही ती चटकन दिसते. शिवाय माशी उंच असली की नळीचे तोंड किंचित खाली राहते आणि गोळी खालच्या अंगाला लागते. जास्तीची उंची कानशीने थोडी थोडी घासून आपल्या हाताला हवा तसा नेम बसवता येतो. आखूड असलेली माशी वाढवता मात्र येत नाही. सुज्ञ शिंपी कापड जरा जास्तच ठेवतो, त्यातला हा प्रकार.

१८७९ ते १८८५ या काळात बॅटने कोल्टकडून अशी आठ पिस्तुले मागवली. भाऊ ज्या अंतरावर गेला ते त्याने पाहिले होते. त्या अंतरावर अडीच-तीन इंच जास्तीच्या नळीने मिळणारी अचूकता उपयोगाची नाही. उपयोगी पडते ते न अडकता बाहेर येणारे हत्यार. आणि त्याहूनही जास्त उपयोगी पडते डोके शांत ठेवणे. पुढे १९०७ मध्ये ह्यूमन लाइफ या मासिकात त्याने आपल्या ओळखीच्या पिस्तूलबहाद्दरांवर लेखमाला लिहिली. तीत त्याने तीन गुण मोजले आहेत. हिंमत, हत्यारावरची हुकमत आणि विचारपूर्वक, घाई न करता वागणे. पहिले दोन गुण असलेली कितीतरी माणसे तिसरा नसल्यामुळे मेली, असा त्याचा निष्कर्ष होता.

बारा इंचांची दंतकथा

आता दंतकथेकडे वळू. बॅट जाऊन दहा वर्षे झाल्यावर, १९३१ मध्ये, स्टुअर्ट लेक नावाच्या लेखकाने वायट अर्पचे चरित्र प्रसिद्ध केले. त्यात एक रंगतदार हकीकत आहे. नेड बंटलाइन हा स्वस्त कादंबऱ्यांचा लेखक म्हणे १८७६ मध्ये डॉज सिटीला आला आणि त्याने अर्प, मास्टरसन, टिल्घमन, बॅसेट आणि नील ब्राउन या पाच जणांना बारा इंच लांब नळीची पाच कोल्ट पिस्तुले भेट दिली. कोल्टने काही फार लांब नळ्यांची पिस्तुले खरोखर बनवली होती, ही गोष्ट खरी. पण या पाच पिस्तुलांची मागणी कंपनीच्या नोंदवह्यांत संशोधकांना सापडलेली नाही, आणि इतिहासकार ही कथा रचलेलीच मानतात. गंमत म्हणजे त्या पुस्तकातसुद्धा बॅटने आपली नळी नंतर कापून आखूड केली असे आहे. लेखकालाही फूटभर लांब पिस्तूल कमरेला बांधून रोज वावरणारा बॅट पटला नसावा!

पुढे टीव्ही आला. अर्पवरची मालिका १९५५ मध्ये सुरू झाली आणि तिच्यातले लांबलचक पिस्तूल इतके गाजले की १९५७ पासून कोल्टने स्वतःच बारा इंची नमुना विकायला काढला. आधी कथा, मग वस्तू. १९५८ ते १९६१ या काळात बॅटवरही मालिका झाली. तिच्यात जीन बॅरी हा नट काठी आणि गोल टोपी घेऊन वावरला.

बॅटने किती माणसे मारली, याचाही असाच पराचा कावळा झाला. १८८१ मध्ये कोलोरॅडोत एका डॉक्टरने पूर्वेकडच्या वार्ताहराची थट्टा करायची म्हणून बॅटने २६ माणसे मारल्याचे ठोकून दिले. वार्ताहराने ते छापले, इतर वर्तमानपत्रांनी उचलले आणि तो आकडा जन्मभर त्याला चिकटला. नंतर एका संग्राहकाने त्याच्याकडे पिस्तूल मागितले तेव्हा बॅटने एक जुने पिस्तूल विकत आणले, मुठीवर खाचा पाडल्या आणि ते त्याच्या गळ्यात मारले, असेही सांगतात. दंतकथेचा त्रास होता, तसा फायदाही तो जाणून होता.

पिस्तूल ते लेखणी

बॅटचे अर्धे आयुष्य पिस्तुलाविनाच गेले, हे दुकानातल्या पेल्यांवरून कळत नाही. डेन्व्हरमध्ये त्याने नाटकगृह चालवले, एमा या नर्तकीशी संसार मांडला, आणि मुष्टियुद्धाच्या, म्हणजे बॉक्सिंगच्या, नादात तो पुरता रमला. १८८९ च्या गाजलेल्या सलिव्हन-किलरेन सामन्यात तो किलरेनच्या बाजूचा वेळ मोजणारा होता.

१९०२ मध्ये तो न्यू यॉर्कला आला. आल्या आल्या पोलिसांनी पकडले आणि परवान्याविना लपवून पिस्तूल बाळगल्याबद्दल १० डॉलर दंड झाला. ज्या माणसाने डॉज सिटीत लोकांची हत्यारे काढून घेतली त्याचेच हत्यार शहराने काढून घेतले. त्याने शहराशी भांडण केले नाही. मॉर्निंग टेलिग्राफ या वर्तमानपत्रात तो नोकरीला लागला आणि खेळ, राजकारण, शहरातल्या घडामोडी यांवर आठवड्यातून तीनदा स्तंभ लिहू लागला. हे काम त्याने जवळजवळ अठरा वर्षे केले. राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट त्याचे चाहते. १९०५ मध्ये त्यांनी त्याला न्यू यॉर्कच्या दक्षिण विभागात डेप्युटी यू. एस. मार्शल नेमले, वार्षिक पगार २००० डॉलर. ओक्लाहोमाकडे मोठे पद देऊ केले होते, ते बॅटने नाकारले. तिथे गेलो तर नाव कमवू पाहणारे कोणी पोर आपल्यावर पिस्तूल काढील आणि मग आपल्याला त्याला मारावे लागेल, अशी त्याची भीती होती. १९०९ मध्ये टाफ्ट यांच्या कारकिर्दीत ती नोकरी गेली.

साक्षीच्या पिंजऱ्यात

१९११ मध्ये बॉक्सिंगच्या एका वादातून न्यू यॉर्कच्या एका वर्तमानपत्राने त्याच्याविषयी एक बोलणे छापले. दारू प्यालेल्या मेक्सिकन आणि इंडियन लोकांना पाठीमागून गोळ्या घालून याने नाव कमावले, असा त्याचा आशय. बॅटने अब्रुनुकसानीचा दावा लावला. १९१३ मध्ये खटला उभा राहिला तेव्हा वर्तमानपत्राचे वकील होते बेंजामिन कार्डोझो, जे पुढे सुप्रीम कोर्टाचे नामांकित न्यायाधीश झाले. त्यांनी बॅटला सरळ विचारले की आजवर किती माणसे मारलीत?

तो ५९ वर्षांचा होता. २६ चा आकडा तीस वर्षे त्याच्या नावाभोवती फिरत होता. त्याने सांगितलेला आकडा होता तीनच्या आसपास. ॲडोबी वॉल्सच्या धुमश्चक्रीत कोणाची गोळी कोणाला लागली ते सांगता येणार नाही, असेही त्याने स्पष्ट केले. त्याला अभिमान आहे का हे वकिलांनी खोदून पाहिले, तर तसे काही त्याने दाखवले नाही. ज्यूरीने त्याला ३५०० डॉलर भरपाई दिली. अपिलात ती १००० वर आली. पैशापेक्षा आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे की शपथ घेतल्यावर त्याने स्वतःची दंतकथा स्वतःच कापून आखूड केली.

२५ ऑक्टोबर १९२१ रोजी टेलिग्राफच्या कचेरीत, आपल्या टेबलाशी काम करत असतानाच, हृदयविकाराच्या झटक्याने बॅट गेला. वय ६७. त्याची कबर ब्राँक्समधल्या वुडलॉन स्मशानभूमीत आहे. त्याचा तरुण लेखकमित्र डेमन रनियन याने पुढे आपल्या एका कथेतल्या जुगारी नायकाला मास्टरसन हेच आडनाव दिले. गाइज अँड डॉल्स हे संगीत नाटक ज्यांनी पाहिले असेल त्यांना स्काय मास्टरसन आठवेल.

मुलांना काय सांगावे?

बंदुका हा या देशातला नाजूक विषय आहे. आपल्यापैकी अनेकांची मुले शाळेत दाराआड लपण्याचा सराव करतात आणि घरी येऊन तो सांगतात, तेव्हा पोटात गोळा येतो. अशा वेळी पश्चिमेच्या पिस्तूलबहाद्दरांची गोष्ट सांगावी की नाही, असा प्रश्न आमच्यापुढेही होता. आम्हाला वाटते, सांगावी, पण पूर्ण सांगावी. सिनेमात एका दमात दहा माणसे पडतात. प्रत्यक्षात डॉज सिटीसारख्या गावाचा पहिला नियम हत्यार काढून ठेवण्याचा होता, आणि तो मोडल्यामुळे बॅटचा भाऊ गेला. हत्यार निवडताना त्याने मिरवण्याचा विचार केला नाही, कामापुरते मोजून मागितले. आणि काम संपल्यावर पुढची चाळीस वर्षे त्याने कोणावरही गोळी झाडली नाही.

डॉज सिटीला गेलात तर बूट हिल संग्रहालय जरूर पाहा, आणि न्यू यॉर्क-न्यू जर्सीकडच्या मंडळींना वुडलॉन तर जवळच आहे. आपण राहता त्या गावाशी जोडलेल्या अशाच एखाद्या जुन्या व्यक्तीची खात्रीची माहिती आपल्याजवळ असेल तर आम्हाला अवश्य कळवा, पुढच्या अंकांसाठी तिचा उपयोग होईल.